शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल : लठ्ठपणावरील उपचार आणि घरादाराचा आधार

लठ्ठपणा हा केवळ शहरांतील सुखवस्तू कुटुंबांचा विकार आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे व सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. धाराशिव जिल्हा हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. निती आयोगाने २०१८ मध्ये त्याचा आकांक्षित जिल्ह्यांत समावेश केला. अशा जिल्ह्यात आरोग्याचा विचार करताना प्रथम कुपोषणाचाच प्रश्न डोळ्यांपुढे येतो. परंतु आज एकाच गावात, किंबहुना एकाच घरात, रक्तक्षयाने अशक्त झालेली सून आणि स्थूलता, मधुमेह व गुडघेदुखी यांनी जखडलेली सासू आढळून येते. अतिस्थूल रुग्णांपैकी काही जण पुणे, मुंबई, हैदराबाद यांसारख्या मोठ्या शहरांत जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतात आणि काही दिवसांतच आपल्या गावी परत येतात.

रुग्ण घरी परतला म्हणजे उपचार संपला, असे नातेवाइकांना वाटते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. शस्त्रक्रिया एक-दोन तासांत पूर्ण होते; तिचे फळ टिकवण्याचे काम मात्र आयुष्यभर चालते, आणि ते शेकडो किलोमीटर दूर असलेल्या रुग्णालयात नव्हे, तर रुग्णाच्या स्वयंपाकघरात, शेतात व शेजारपाजारात होत असते. यास्तव या उपचाराची माहिती रुग्णाइतकीच त्याच्या घरच्यांना व गावकऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रियेने काय होते?

लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत आयोवा येथील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आज भारतात प्रामुख्याने दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात, म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत, जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून टाकतात व नळीसारखे अरुंद जठर शिल्लक ठेवतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. दोन्ही प्रकारांत अन्न कमी मावते. शिवाय भूक व तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांत बदल होतो. भूक वाढविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होत असल्याने, विशेषतः स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर, त्याचे प्रमाण घटते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरते, आणि अनेक मधुमेही रुग्णांची साखर वजन उतरण्यापूर्वीच कमी होऊ लागते.

शस्त्रक्रियेने जठर लहान होते. पण वर्षानुवर्षांच्या सवयी, घरची रीत, सणवार, मनाचा ताण आणि ताण आला की खाण्याकडे वळणारा हात यांत तिने काहीही फरक पडत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार अतिस्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी निम्म्या व्यक्तींवर शस्त्रक्रिया झाली होती. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे १२० किलो वजनाच्या व्यक्तीचे वजन प्रथम सुमारे ३८ किलोंनी कमी झाले, तर दहा वर्षांनंतर घट ३० किलोंच्या आसपास राहते. याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाणही तुलनेने कमी आढळले.

या आकड्यांपासून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा, की उपचार परिणामकारक आहे व त्याचा लाभ दीर्घकाळ टिकतो. दुसरा असा, की नीचांकी पातळी गाठल्यावर वजन थोडेफार वाढणे हे शरीरधर्माला धरूनच आहे. तो रुग्णाचा गुन्हा नव्हे. ही दुसरी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ रुग्ण दोन-चार किलो वाढताच खचतात, लाजेने तपासणीस जाणे सोडतात, आणि थोडक्यात आवरता येणारी वाढ मग खरोखरच हाताबाहेर जाते.

उमेद केव्हा खचते?

पहिले सहा महिने उत्साहाचे असतात. आठवड्यागणिक काटा खाली येतो, कपडे सैल होतात, भेटणारा प्रत्येक जण कौतुक करतो. या काळातही काही अडचणी येतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात. बहुतेक रुग्णांत पुरेशी प्रथिने व औषधे घेतल्यास ते पुन्हा उगवतात. मधूनच वजन दोन-तीन आठवडे एकाच ठिकाणी थांबते. ही स्थिती तात्पुरती असते, हे आधीच सांगून ठेवलेले असेल तर रुग्ण घाबरत नाही.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण संभवते. लठ्ठ व्यक्ती वेगाने बारीक झाली की, तिला काही मोठा आजार जडला असावा, अशी कुजबुज सुरू होते. शस्त्रक्रिया गुप्त ठेवलेली असल्यास या कुजबुजीला उत्तरही देता येत नाही. सर्वांना सर्व सांगण्याची गरज नाही. परंतु घरातील मंडळी, एखादी जवळची मैत्रीण, गावातील आशा कार्यकर्ती आणि नेहमीचे डॉक्टर एवढ्यांना तरी खरी हकीकत माहीत असावी.

खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. वजन उतरण्याचा वेग मंदावतो. कौतुक ओसरते. भूक हळूहळू परत येऊ लागते व जेवणाचे प्रमाणही थोडे वाढते. सैल पडलेल्या कातडीचा संकोच वाटतो. वजन उतरले की संसारातील सर्व दुःखे दूर होतील, अशी आशा मनाशी धरलेली असेल, तर तिचाही भंग होतो. कर्ज, नापिकी, घरातील कलह हे सारे जागच्या जागीच असते. पूर्वी खाण्यात मिळणारा विसावा मात्र हिरावला गेलेला असतो. काही रुग्ण अशा वेळी मद्याकडे वळतात. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर भिनते, आणि अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मद्याच्या व्यसनाचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी वाढल्याचे दिसून आले. काही रुग्णांना नैराश्य येते, जीव नकोसा वाटतो. साहजिकच दुसऱ्या वर्षी आधाराची गरज पहिल्या महिन्यापेक्षा अधिक असते. आणि नेमका तेव्हाच तो विरळ झालेला असतो.

उमेद टिकवावयाची तर केवळ वजनकाट्यावर भिस्त ठेवून भागत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी वजन करून वहीत नोंदवावे. रोज काट्यावर उभे राहू नये. त्याच वहीत इतर नोंदीही असाव्यात : रक्तदाब व साखर किती आहे, कोणती गोळी डॉक्टरांनी कमी केली, घरापासून शेतापर्यंत न थांबता चालता आले का, जमिनीवर मांडी घालून बसता येते का, रात्री झोप लागते का, एस.टी.ची पायरी कोणाचा हात न धरता चढता आली का. काटा थांबलेला असतानाही या बाबतींत प्रगती चालू असते. वही चाळताना ती रुग्णाच्या स्वतःच्या नजरेस येते, आणि तो धीर दुसऱ्याच्या कौतुकावर अवलंबून राहत नाही.

ताटातील बदल

शस्त्रक्रियेनंतरचा आहार प्रथम पातळ, मग पेजेसारखा, मग मऊ आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी घन, अशा क्रमाने वाढवितात. हा क्रम रुग्णालयाने दिलेल्या तक्त्याप्रमाणेच पाळावा. पुढे जन्मभर पाळावयाचे नियम थोडे आहेत : घास लहान घ्यावा, पुष्कळ चावावा, पोट भरल्याची जाणीव होताच थांबावे, जेवताना पाणी पिऊ नये व जेवणानंतर सुमारे अर्ध्या तासाने प्यावे, आणि ताटातील प्रथिनांचा पदार्थ सर्वांत आधी खावा.

प्रौढ रुग्णाला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे सर्वसाधारणपणे सांगण्यात येते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात सुमारे ८ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे ९ ग्रॅम आणि ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे ६ ते ७ ग्रॅम प्रथिने असतात. जिल्ह्यातील नेहमीच्या अन्नात या दृष्टीने उपयुक्त पदार्थ पुष्कळ आहेत. घट्ट वरण, मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची मऊ उसळ, हुलग्याचे माडगे, दही व ताक हे पदार्थ खर्चाच्या दृष्टीने परवडणारे असून पचनासही सोयीचे आहेत. ज्वारीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. परंतु प्रारंभी ती वरणात वा दुधात कुस्करून, चतकोराहूनही कमी घ्यावी, आणि आधी वरण, मग भाकरी हा क्रम ठेवावा. शेंगदाण्याची चटणी पौष्टिक असली तरी तिच्यात स्निग्धांश पुष्कळ असल्याने ती चवीपुरतीच असावी.

गोड पदार्थांबाबत विशेष सावधगिरी हवी. भूम परिसरातील खवा, कुंथलगिरीचा पेढा व धाराशिवचे गुलाबजामून प्रसिद्ध आहेत. असे मऊ पदार्थ लहान जठरातूनही सहज खाली उतरतात, त्यामुळे पोट भरल्याचे लक्षात येत नाही. बायपास झालेल्या रुग्णाला गोड खाल्ल्यावर घाम येणे, छातीत धडधडणे, पोटात मुरडा येणे व जुलाब होणे असा त्रासही होऊ शकतो. दिवसातून पाच-सहा घरी होणारा साखरेचा चहा हाही याच सदरात मोडतो.

उपवासांचा प्रश्न या जिल्ह्यात टाळता येत नाही. तुळजापूरच्या श्री तुळजाभवानीच्या नवरात्रात असंख्य स्त्रिया नऊ दिवस उपवास धरतात. साबुदाणा, भगर, रताळे या उपवासाच्या पदार्थांत पिष्टमय भाग फार व प्रथिने अत्यल्प असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात असा दीर्घ उपवास न करणेच इष्ट. पुढे करावयाचा झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन दूध, दही, पनीर व राजगिरा यांवर भर द्यावा. गोळ्या व पाणी मात्र एक दिवसही चुकवू नये.

गोळ्या, तपासण्या आणि धोक्याच्या खुणा

अन्न कमी जाते व त्यातील सत्त्वांचे शोषणही कमी होते. यास्तव जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व ड व ब-१२ ही पूरक औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून किंवा पैशाची ओढाताण म्हणून ती बंद केल्यास रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, हातापायांना मुंग्या येणे हे विकार महिन्या-वर्षांनी उद्भवतात. शस्त्रक्रियेचा निर्णय घेतानाच या कायमच्या खर्चाची तरतूद करावी. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. त्यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये.

तपासणी पहिल्या वर्षी साधारणतः एक, तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावी. प्रत्येक वेळी पुण्या-मुंबईचा प्रवास करणे शक्य नसल्यास शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून रक्ततपासण्या धाराशिव, लातूर वा सोलापूर येथे करून अहवाल त्यांना कळविता येतात. मधुमेह व रक्तदाब यांच्या औषधांचे प्रमाण वजनाबरोबर बदलावे लागते. जुनीच मात्रा चालू ठेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रत्येक रुग्णाने एक लहान कार्ड जवळ बाळगावे. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक, चालू औषधे व वर्ज्य औषधे लिहिलेली असावीत. गावात अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळी सहज दिली जाते. बायपास झालेल्या रुग्णात अशा अनेक गोळ्यांमुळे व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. तंबाखू आणि स्त्रिया दातांना लावतात ती मिश्री यांपासूनही दूर राहावे. प्रसूतिक्षम वयाच्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, आणि त्यासाठी कोणते साधन योग्य ते डॉक्टरांना विचारावे. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, हे पतिपत्नींनी ध्यानात ठेवावे.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडीचे जलद ठोके, धाप अथवा पोटात तीव्र वेदना यांपैकी काहीही झाल्यास वाट पाहू नये. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची मदत घेऊन रुग्णालय गाठावे. सतत होणाऱ्या उलट्या ‘पोट लहान झाले म्हणून’ असे समजून अंगावर काढू नयेत. त्यांमुळे जीवनसत्त्व ब-१ कमी पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. काळी शौचास होणे, चालताना तोल जाणे ही लक्षणेही तितकीच गंभीर आहेत.

घरची साथ

ग्रामीण कुटुंबात बहुधा घरातील स्त्री सर्वांचे जेवण आटोपल्यावर, उरलेसुरले खाते. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला ही रीत मानवणारी नाही. तिला ठरलेल्या वेळी, सावकाश आणि प्रथिने असलेले अन्न प्रथम मिळाले पाहिजे. उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून खाणे तिने बंद केले पाहिजे. हा बदल तिने एकटीने करावयाचा म्हटला तर रोजच्या रोज संघर्ष उभा राहतो. घरातील वडीलधाऱ्यांनी तो मान्य केला तर प्रश्नच उरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनास पतीबरोबर सासूनेही उपस्थित राहणे हितावह ठरते.

आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचाच भाग मानतात. “अगं, एवढ्याशानं काय होतंय? आणखी अर्धी भाकरी घे,” असे सासू मायेनेच म्हणते. अशा वेळी “आत्याबाई, तेवढंच पुरतंय आता, राग धरू नका,” एवढे शांतपणे सांगणे पुरेसे असते. घरच्यांनीही आग्रहाचे रूप बदलावे. ‘आणखी घे’ याऐवजी ‘गोळी घेतलीस का’, ‘चल, जरा चालून येऊ’ असे म्हणावे. आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्याचा व्यायाम सांगण्यात येतो; सोबत कोणी असल्यास तो सहसा चुकत नाही. घरातील सर्वांच्याच ताटात साखर व तेल कमी झाल्यास रुग्णाला वेगळे पडल्यासारखे वाटत नाही, आणि इतरांच्या प्रकृतीलाही ते लाभदायक ठरते.

गावाचा आधार : जिल्ह्याचा अनुभव

ज्या रुग्णांना समदुःखी व्यक्तींशी नियमित बोलण्याची संधी मिळते त्यांना पथ्य पाळणे सुकर जाते, असे अनेक देशांत आढळून आले आहे. मोठ्या शहरांतील काही रुग्णालये यासाठी रुग्णांचे मेळावे भरवितात. धाराशिवसारख्या जिल्ह्यात अशी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती थोड्या व विखुरलेल्या. त्यांचा स्वतंत्र गट गावात बनणे कठीण. परंतु आधार देण्यासाठी शस्त्रक्रिया झालेलीच व्यक्ती हवी असे नाही. मधुमेह, रक्तदाब वा स्थूलता यांसाठी आहार व सवयी बदलू पाहणारे लोक प्रत्येक गावात आहेत. त्यांची व या रुग्णांची वाट बरीचशी एकच आहे.

सामान्य माणसाने सामान्य माणसाला आधार द्यावा, याचा अनुभव या जिल्ह्याच्या गाठीशी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात येथील सास्तूर व परिसराची मोठी हानी झाली. त्यानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून काम केले आणि शासकीय योजनेची माहिती घरोघर पोहोचविली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचा त्यात पुढाकार होता. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्रशिक्षण दिले, आणि त्या आपल्या गावात प्राथमिक आरोग्यसेवा देऊ लागल्या. राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी हाती घेतलेल्या प्रेरणा प्रकल्पातही या जिल्ह्याचा समावेश होता. विषय भिन्न असले तरी प्रत्येक ठिकाणी गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती लोकांच्या उपयोगी पडली.

वजन व मधुमेह यांसाठीच्या आधारगटाला बचत गटाचाच नमुना पुरेसा आहे. दहा-पंधरा सभासद असावेत. बैठकीचा वार व वेळ कायम असावी. प्रत्येकाचे वजन, रक्तदाब व चालण्याचे दिवस वहीत नोंदवावेत. मात्र कोणाचे आकडे मोठ्याने वाचू नयेत व कोणाची तुलना करू नये. प्रत्येकाने गेल्या आठवड्यात काय जमले व कोठे अडले हे थोडक्यात सांगावे. औषध कोणी कोणाला सुचवू नये. तो प्रश्न डॉक्टरांकडे न्यावा. एखादा सभासद लागोपाठ दोन बैठकांना आला नाही, तर दुसऱ्याने त्याच्या घरी जाऊन यावे. वजन वाढलेला माणूसच प्रथम गैरहजर राहतो, हे ओळखून हा नियम कटाक्षाने पाळावा. आशा कार्यकर्ती व उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी यांना महिन्यातून एकदा बैठकीस बोलाविल्यास रक्तदाब व साखर यांची तपासणीही होऊ शकेल. याशिवाय, शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या जुन्या रुग्णाशी, त्याच्या संमतीने, ओळख करून देण्याची विनंती रुग्णालयास करावी. शस्त्रक्रियेपुरत्या खास अडचणी अशा व्यक्तीशी दूरध्वनीवरून बोलता येतात.

मन सतत उदास राहणे, झोप न लागणे, जीव नकोसा होणे ही लक्षणे दिसताच गटाने वा कुटुंबाने उपदेश करीत बसू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील डॉक्टरांकडे रुग्णास न्यावे, किंवा केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधावा. ही सेवा विनामूल्य असून मराठीतही उपलब्ध आहे.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया रुग्णाला एक संधी देते. पहिल्या दीड-दोन वर्षांच्या अनुकूल काळात नव्या सवयी अंगी बाणल्या, औषधे व तपासण्या सुरू राहिल्या आणि दुसऱ्या वर्षीच्या पडत्या काळात कोणीतरी आपुलकीने दार ठोठावले, तर ही संधी सहसा वाया जात नाही. त्यासाठी मोठा निधी वा नवी इमारत लागत नाही. घरच्यांची समजूत, एक वही, एक कार्ड, चालावयास एक सोबती आणि ठरलेल्या वारी जमणारी दहा माणसे एवढे साहित्य जिल्ह्यातील कोणत्याही गावात उपलब्ध आहे.